ब्राउनिंग 1922 की वॉल्थर पीपी: परवान्यावर एकच जागा उरली असेल तर

2019 च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि एका परवानाधारकाकडं तीनऐवजी दोनच शस्त्रं राहतील असं ठरलं. तिसरं वर्षभरात जमा करायचं किंवा रीतसर दुसऱ्या परवानाधारकाला द्यायचं. आमच्याकडं बारा बोअरची दुनाळी बंदूक होती, काकांच्या वारशानं आलेलं ब्राउनिंग 1922 पिस्तूल होतं आणि नंतर मी घेतलेलं वॉल्थर पीपी होतं. दुनाळी पिकाच्या राखणीसाठीची. डुकरं आणि रोही (नीलगाई) यांचा आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-पुलगाव पट्ट्यातला धिंगाणा ज्यांना माहीत आहे, त्यांना ती का सोडली नाही हे सांगायला नको. म्हणजे दोन पिस्तुलांतलं एक जाणार होतं. दोन्ही मी काही वर्षं सांभाळलेली असल्यामुळं निवड सोपी असेल असं वाटलं होतं, पण बरेच दिवस लागले.

आता तसाच प्रश्न घेऊन आसपासची मंडळी येतात. कुणाच्या आजोबांचं पिस्तूल वाड्यात आहे, परवानाधारक सत्तरीला आलेत आणि वारसाच्या नावावर करायचं आहे. कुणाला नागपुरात एखादा नग दिसलाय. लुगर, पी-38, कोल्ट 1911 यांचा मोह आधीच बाजूला ठेवा. 9 मिमी आणि .45 हे आपल्याकडं प्रतिबंधित बोअर आहेत, म्हणजे नळीच्या या मापाची पिस्तुलं सामान्य परवान्यावर बसत नाहीत. इंग्रजी लष्कराची .38 ची वेब्ली-एनफिल्ड रिव्हॉल्व्हरही त्यातच. दुसऱ्या महायुद्धात सैन्यानं प्रत्यक्ष वापरलेलं आणि आपल्या परवान्यावर बसणारं पिस्तूल हवं असेल तर .32 ऑटो, म्हणजे 7.65 मिमी, हीच मुख्य वाट उरते. जर्मनांनी हा बोअर भरपूर वापरला ही आपल्यासारख्यांच्या दृष्टीनं मोठी सोय झाली. माउझर एचएससी आणि झाउअर 38 सुद्धा याच बोअरचे, पण आपल्या भागात ते क्वचितच समोर येतात. ब्राउनिंग आणि वॉल्थर मात्र येतात.

आधी भावाचं बोलू, कारण तिथं आपली बाजारपेठ जगापेक्षा उलटी चालते. अमेरिकेत ही पिस्तुलं खुलेपणानं विकली जातात आणि तिथला संग्राहक शिक्क्यांचे पैसे देतो: जर्मन तपासणीचा गरुडाचा शिक्का आहे का, क्रमांक जुळतात का, मूळ रंग किती शिल्लक आहे. आपल्याकडं सामान्य परवानाधारकासाठी विदेशी शस्त्रांची आयात 1980 च्या दशकाच्या मध्यात बंद झाली. त्याआधी आलेला माल, युद्धावरून परतलेल्या अधिकाऱ्यांनी आणलेले नग आणि कस्टम्सनं जप्त करून विकलेले, एवढ्यातच सगळी देवाणघेवाण. त्यामुळं भाव लाखांत आणि तो मोजला जातो नावावर. ‘वॉल्थर’ हा शब्द उच्चारला की आकडा चढतो. माझ्या पाहण्यात तशाच स्थितीतल्या ब्राउनिंगपेक्षा वॉल्थरला दीडपट ते दुप्पट मागतात. पीपीके, म्हणजे पीपीचं आखूड रूप, असेल तर आणखी वर, कारण जेम्स बाँडचा सिनेमा आणि हिटलरचा शेवट ही दोन्ही त्याच्या पदरात पडली आहेत.

यात संग्राहकाचा फायदा असा की शिक्के फुकटात मिळतात. 1940 च्या मे महिन्यात बेल्जियम पडल्यावर ब्राउनिंग बनवणाऱ्या एफएन कंपनीचा हेर्स्टालचा कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला आणि 1944 पर्यंत तिथून साडेतीन लाखांवर 1922 मॉडेल बाहेर पडली. जर्मन दप्तरात त्याचं नाव पिस्तोले 626(बी). गरुडाखाली 613, 103 किंवा 140 हे आकडे असतील तर नग त्याच काळातला. मुकुटाखाली डब्ल्यू असेल तर तो युद्धापूर्वीचा डच सैन्याचा, राणी विल्हेल्मिनाच्या काळातला, आणि तोही ठेवण्यासारखाच. विकणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं, म्हणून तो त्याचे वेगळे पैसे लावत नाही. वॉल्थरवर 359 पाहा. तो लष्करानं घेतलेला. गरुडाशेजारी सी किंवा एफ असेल तर पोलिसांचा. गरुडाखाली नुसता एन असेल तर ती दारूच्या दाबाच्या नेहमीच्या चाचणीची खूण, सैन्याची नव्हे. आणि फ्रेंच मानुर्हां कंपनीनं 1950 च्या दशकात बनवलेली पीपीसुद्धा ‘युद्धातली’ म्हणून दाखवली जाते. उत्तम पिस्तूल आहे, पण युद्ध संपल्यानंतरचं.

ब्राउनिंगबाबत आणखी एक गोष्ट ऐकायला मिळेल, ती म्हणजे साराजेवोची. 28 जून 1914 ला ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकवर, ज्याच्या खुनानं पहिलं महायुद्ध पेटलं त्याच्यावर, झाडलेलं पिस्तूल एफएनचंच होतं, पण 1910 चं मॉडेल आणि 9 मिमी शॉर्टचं. 1922 हे त्याचंच लांब नळीचं रूप, युगोस्लाव्हियाच्या मागणीवरून काढलेलं. त्या गोष्टीपोटी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका.

निकेलचंही सांगून ठेवतो. आपल्याकडं चमकणाऱ्या पिस्तुलाला गिऱ्हाईक जास्त, म्हणून जुन्या काळात कितीतरी चांगले नग निकेल चढवून आणले गेले. घासताना शिक्क्यांच्या कडा जातात, आकडे बुजतात. बाजारात तो नग महाग असतो आणि संग्राहकाच्या लेखी त्याचं मोल संपलेलं असतं. मला निळा रंग उडालेला, मुठीपाशी करडा पडलेला पण कडा शाबूत असलेला नग कधीही जास्त प्रिय. या बाबतीत ब्राउनिंग पुढं आहे, हे मान्य करतो. युद्धकाळातला ब्राउनिंग घाईत घडवलेला असला तरी प्रामाणिक दिसतो: लाकडी मूठ, खडबडीत घडाई, चौकट, स्लाइड (वरचा सरकता भाग) आणि नळी तिन्हींवर एकच क्रमांक. 1944-45 चा वॉल्थर त्याच्या स्वतःच्या 1930 च्या दशकातल्या भावंडांशेजारी ठेवला की डोळ्यांना खटकतो. लष्करी वस्तू म्हणून, पैशाच्या मानानं, ब्राउनिंग बहुधा चांगला सौदा आहे.

तरीही माझ्याकडं आज वॉल्थर आहे. त्याचं कारण संग्रहाशी फारसं जोडलेलं नाही, ते निवडणुकीशी जोडलेलं आहे.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्याकडं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. 2024 साली आपल्याकडं 26 एप्रिलला लोकसभेचं मतदान आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेचं, म्हणजे एकाच वर्षात दोन वेळा जमा आणि दोन वेळा परत. त्याशिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद. टेबलापलीकडचा अंमलदार दरवेळी नवा असतो आणि दरवेळी तोच प्रश्न विचारतो: “भाऊ, थे भरून तं नाही ना?”

या प्रश्नाचं उत्तर ब्राउनिंग देत नाही. त्याला बाहेरून दिसणारा घोडाच (काडतुसावर आघात करणारा हॅमर) नाही, आत स्प्रिंगवर ताणलेली, काडतुसावर आदळणारी सुई आहे. सुई ताणलेली आहे की सैल, हे बघून कळत नाही. नळीत काडतूस आहे की नाही, हेही बाहेरून कळत नाही. म्हणून काडतुसांचं मॅगझिन काढायचं, स्लाइड मागं ओढून नळी रिकामी दाखवायची. इथपर्यंत ठीक. पण स्लाइड मागं ओढली की सुई ताणली जाते, आणि ती सैल करायला चाप ओढण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. त्यातही माझ्या नगात मॅगझिनशिवाय चाप चालतच नसे. म्हणजे रिकामं मॅगझिन पुन्हा आत घालायचं, मूठ आवळून मुठीमागची सेफ्टीची कळ दाबायची, आणि भरल्या ठाण्यात, चार शिपाई, दोन तक्रारदार आणि चहावाल्या पोरासमोर, पिस्तुलाचा चाप ओढायचा. नळी जमिनीकडं असते, पिस्तूल रिकामं असतं, तीनदा पाहिलेलं असतं. तरी ‘कट’ असा आवाज आला की खोलीतले सगळे दचकून वर बघतात. एकदा एका हवालदारानं माझा हात धरला. त्याचं काहीही चुकलं नव्हतं, त्याच्या जागी मीही धरला असता.

चाप न ओढता तसंच जमा करायचं, तर सुईची स्प्रिंग मार्चपासून जूनपर्यंत दाबलेली राहते. ऐंशी वर्षांची स्प्रिंग, आणि बदली स्प्रिंग मिळणं नशिबावर. शिवाय ते परत देणाऱ्या माणसाच्या हाती ताणलेलं शस्त्र ठेवल्याची रुखरुख. घरीही तेच. कपाटातून काढल्यावर दरवेळी तीच कसरत, आणि घरात पोरंबाळं.

वॉल्थरचा घोडा मागं उघडा दिसतो. पडलेला असेल तर पडलेला, उभा असेल तर उभा. ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही कळतं. घोड्याच्या वर एक बारीक पिन असते, नळीत काडतूस असलं की ती बाहेर डोकावते, अंधारात बोटाला लागते. युद्धाच्या शेवटच्या काळातल्या काही नगांत ही पिन नसते, तेवढं बघून घ्या. सेफ्टीची कळ खाली केली की घोडा आपोआप, सुईला न लागता पडतो. ठाण्यात मी मॅगझिन काढतो, नळी दाखवतो, कळ खाली करतो, अंमलदार घोडा बघून नोंद करतो आणि आम्ही चहा घेतो. मात्र जुन्या नगात ही कळ भरल्या नळीवर कधी वापरू नये. आधी जाणत्या शस्त्र-दुरुस्तीवाल्याकडून ती तपासून घ्यावी, पोलाद युद्धकाळातलं आहे.

कोल्ट 1903 चा कुणी आग्रह केला तर त्याचाही घोडा स्लाइडच्या आत झाकलेला आहे. देखणं पिस्तूल, अडचण तीच.

बाकी फरक लहान आहेत. वॉल्थर उघडायला सोपं, चापाची कमान खाली ओढली की स्लाइड निघते. ब्राउनिंगच्या नळीवरची टोपी स्प्रिंगच्या जोरावर बसलेली असते, ती फिरवताना निसटली तर खाटेखाली शोधावी लागते. काडतुसं दोघांना एकच. मात्र खडकीच्या सरकारी कारखान्याची केएफ छाप काडतुसं घेताना डबा वाचून घ्या, रिव्हॉल्व्हरचं .32 लाँग वेगळं. जमा करताना चामड्याच्या खोळीत देऊ नका. चामडं ओल धरतं आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडेपर्यंत पिस्तूल मालखान्यातच असतं. तेलाचा हात फिरवून सुती कापडात द्या.

माझं हे मत माझ्या घरापुरतं आणि माझ्या ठाण्यापुरतं आहे, हे कबूल. तुमच्याकडं वारशानं ब्राउनिंग आलं असेल, रंग मूळचा असेल, गरुड स्पष्ट असेल, तर ते विकून वॉल्थर घ्या असं मी म्हणणार नाही. पैसे मोजून नवीन घेणार असाल तर मात्र लाखाचा वरचा फरक मी वॉल्थरसाठी देईन, आणि पीपीकेसाठी त्याच्यावर आणखी काही देणार नाही. विकणाऱ्याकडं गेलात की एकच करा. त्याच्या परवानगीनं, रिकामं असल्याची खात्री करून, पिस्तूल टेबलावर ठेवा आणि सोबत नेलेल्या माणसाला, ज्याला शस्त्रांतलं काही कळत नाही अशाला, विचारा की ते ताणलेलं आहे की नाही.