पोस्टरमधली अक्षरं हलवायची आहेत: पी५ घ्यावं की टचडिझायनर?

ग्राफिक डिझाइन करणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून हा प्रश्न मला सारखा येतो. पोस्टर, लोगो, पुस्तकाची मांडणी या गोष्टी हातात बसलेल्या असतात. आता बघणारा समोर आला की हलेल, बदलेल असं काहीतरी करायचं असतं. शोधायला गेलं की दोन साधनांची नावं पुढे येतात: कोड लिहून ब्राउझरमध्ये चित्र हलवणारं पी५.जेएस, आणि चौकटी जोडून काम करायचं टचडिझायनर. सल्लाही ठरलेलाच मिळतो: कोडिंग आवडत असेल तर पहिलं, नसेल तर दुसरं.

मला हा सल्ला पटत नाही. टचडिझायनरमध्ये जरा खोलात गेलात की पायथन ही कोडची भाषा लागतेच आणि पी५मधलं सुरुवातीचं कोड चार दिवसांत हाताला येतं. आधी ठरवायचं ते हे, की काम राहणार कुठे? माणसाच्या हातातल्या फोनवर, की एखाद्या खोलीतल्या भिंतीवर? आणि भिंतीवर असेल, तर ते रोज सकाळी चालू कोण करणार?

तुलना हवेत नको म्हणून मी एकच सराव दोन्हीकडे करून पाहिला. १९९९ मध्ये कॅमिल अटरबॅक आणि रोमी अचितुव यांनी 'टेक्स्ट रेन' नावाचं मांडणशिल्प केलं. पडद्यावर बघणाऱ्याची कृष्णधवल प्रतिमा दिसते आणि वरून अक्षरं पावसासारखी पडतात. अक्षराखाली गडद काही आलं की ते थांबतं. हात पसरलात तर अक्षरं हातावर साचतात आणि कवितेचा एखादा तुकडा वाचता येतो. हात काढला की पुन्हा पडायला लागतात. कल्पना इतकी स्वच्छ आहे, की टायपोग्राफी करणाऱ्यानं इंटरॲक्टिव्ह कामाची सुरुवात इथूनच करावी असं मला मनापासून वाटतं.

आधी पी५. त्याचं घराणं डिझायनरांचंच आहे. एमआयटी मीडिया लॅबमध्ये जॉन माएडा यांच्या गटात शिकणाऱ्या केसी रियास आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये 'प्रोसेसिंग' सुरू केलं. चित्रकार-डिझायनरांनी कोड हे स्केचबुकासारखं वापरावं, हा त्यामागचा विचार. २०१३ मध्ये लॉरेन ली मॅकार्थी यांनी तोच विचार जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला कळणाऱ्या भाषेत आणला. तेच पी५. इन्स्टॉल काही करावं लागत नाही. 'सेटअप'मध्ये कॅनव्हास मांडायचा, 'ड्रॉ'मध्ये चित्र काढायचं, आणि ते चित्र साधारण सेकंदाला ६० वेळा नव्यानं निघत राहतं.

अक्षरांच्या पावसासाठी प्रत्येक अक्षराला जागा आणि वेग द्यायचा. दर फ्रेमला, म्हणजे चित्र नव्यानं निघेल तेव्हा, आपल्या खालचा पिक्सेल किती उजळ आहे ते अक्षरानं बघायचं. उजळ असेल तर खाली सरकायचं, गडद असेल तर थांबायचं. पन्नासेक ओळींत हे उभं राहतं. मराठीत मात्र पहिल्याच दिवशी ठेच लागते. 'मुक्ती' हा शब्द कॅनव्हासवर अख्खा लिहिला तर तो नीट दिसतो, कारण जोडाक्षरं जुळवायचं काम ब्राउझर करतो. पण पाडण्यासाठी त्याची अक्षरं सुटी करायला गेलात, तर जावास्क्रिप्ट त्याचे सहा तुकडे करतं: म, उकार, क, हलन्त, त आणि दीर्घ ईकार. पडद्यावरून ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेल्या मात्रा पडायला लागतात. उपाय सोपा आहे. आपणच 'मु' आणि 'क्ती' अशी यादी हातानं लिहून द्यायची. ज्या दिवशी हे करावं लागलं, त्या दिवशी अक्षर म्हणजे नेमकं काय, याचा मी कित्येक वर्षांनी पुन्हा विचार केला.

आता टचडिझायनर. टोरांटोच्या डेरिव्हेटिव्ह या कंपनीचं हे सॉफ्टवेअर. यात छोट्या चौकटी तारांनी एकमेकींना जोडायच्या. कॅमेऱ्याची चौकट, तिच्यापुढे चित्र कृष्णधवल करणारी, मग 'थ्रेशोल्ड', म्हणजे ठरावीक उजेडाच्या खालचं सगळं काळं नि वरचं पांढरं करणारी, मग चित्र धूसर करणारी 'ब्लर'. प्रत्येक चौकटीत त्या टप्प्यावरचं चित्र जिवंत दिसत राहतं, आणि फोटोशॉपमध्ये लेव्हल्स ओढायची सवय असलेल्या डिझायनरला हे लगेच घरचं वाटतं. आकडा ओढला की त्याच क्षणी फरक दिसतो. थांबवून पुन्हा चालवणं नाही. माणसाची स्वच्छ काळी सावली मला पी५मध्ये मिळवायला अर्धा दिवस लागला होता, इथे ती दहा मिनिटांत मिळाली.

मग अक्षरांची पाळी आली आणि पारडं फिरलं. दोनशे अक्षरांना दोनशे जागा आणि वेग, शिवाय कोण थांबलंय नि कोण पडतंय याची आठवण, हे सगळं तारांच्या जाळ्यात बसवताना दमछाक होते. इन्स्टन्सिंग, म्हणजे एकाच वस्तूच्या अनेक प्रती वेगवेगळ्या जागी काढणं, शिकावं लागतं, मध्ये पायथन येतं, आणि पी५मध्ये दोन वाक्यांत सांगितलेली गोष्ट इथे चार चौकटींत विखुरते. माझा निष्कर्ष असा, की चित्राचं अख्खं पृष्ठ घोळवायचं असेल तर टचडिझायनर, आणि एकेका वस्तूला स्वतःचं वागणं द्यायचं असेल तर पी५. आपलं काम यातलं कुठलं, हे कागदावर रेखाटन करतानाच कळतं.

वेगाचं गणितही यातूनच येतं. ६४० बाय ४८०च्या कॅमेरा-चित्रात ३,०७,२०० पिक्सेल असतात आणि प्रत्येकाचे चार आकडे (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता). दर फ्रेमला सगळे तपासायचे म्हटलं तर सेकंदाला सात कोटींहून जास्त आकडे झाले. पी५मध्ये साध्या कोडनं हे करायला गेलात तर फोन तापतो. फक्त दोनशे अक्षरांखालचे पिक्सेल बघितले तर काही अडत नाही. टचडिझायनर चित्रांवरची कामं ग्राफिक्स कार्डावर करतं, त्यामुळे मोठ्या भिंतीचं चित्रही सहज पेलतं, मात्र त्यासाठी मशीन दणकट लागतं. शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारं छोटं कोड, लिहून पी५लाही ग्राफिक्स कार्ड वापरता येतं, पण ती शिकायची आणखी एक भाषा झाली.

प्रत्यक्ष मांडणीत काय होतं, ते एका प्रदर्शनात कळलं. पी५मध्ये केलेलं काम दुपारी उत्तम चाललं. संध्याकाळी खिडकीतला उजेड गेला, मागची भिंत कॅमेऱ्याला गडद दिसायला लागली आणि सगळी अक्षरं हवेतच अडकली. समोर एक छोटी मुलगी हात पसरून वाट बघत उभी होती. मला लॅपटॉप उघडून कोडमधला आकडा बदलावा लागला. टचडिझायनरमध्ये तोच आकडा चालू कामात ओढून सावरता आला असता. तेव्हापासून पी५च्या प्रत्येक कामात मी थ्रेशोल्ड वर-खाली करायला बाणाच्या कळा ठेवतो, आणि कॅमेऱ्यासमोरच्या त्या भिंतीवर स्वतःचा एक स्थिर दिवा लावतो.

खोलीतलं काम म्हटलं की आणखी गोष्टी येतात: दोन प्रोजेक्टर जुळवणं, तिरक्या पृष्ठभागावर चित्र बसवणं, डीएमएक्सवरचे (रंगमंचाच्या प्रकाशयोजनेत वापरतात त्या पद्धतीनं चालणारे) दिवे, आवाज, सेन्सर. टचडिझायनर याचसाठी बनलेलं आहे, तिथे पी५ला ओढून नेऊ नका. उलट काम शेकडो लोकांच्या फोनवर पोचवायचं असेल तर टचडिझायनरचा विचार सोडा. पी५मध्ये दुवा पाठवला की काम पोचलं. फक्त ब्राउझरच्या अटी पाळायच्या: पान सुरक्षित (https) पत्त्यावर असल्याशिवाय कॅमेरा मिळत नाही, आणि बघणाऱ्यानं एकदा स्पर्श केल्याशिवाय आवाज सुरू होत नाही. म्हणून पहिला पडदा 'सुरू करा' या बटणाचा ठेवा आणि त्याची रचना पोस्टरइतकीच मन लावून करा.

पैशाचं थोडक्यात. पी५ मुक्त आणि मोफत आहे. टचडिझायनरची मोफत आवृत्ती बिगर-व्यावसायिक वापरासाठी असून तिला १२८० बाय १२८० पिक्सेलची मर्यादा आहे. शिकायला ती भरपूर झाली, पण ग्राहकाचं काम घेतलंत की परवाना घ्यावा लागतो. लिनक्सवर ते चालत नाही.

त्याच रचनेचं छापील पोस्टरही हवं असेल तर मूळ प्रोसेसिंग उघडा. त्यातून थेट पीडीएफ निघतं आणि रेषा व्हेक्टर राहतात, म्हणजे कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. पी५मध्ये व्हेक्टरसाठी वेगळी लायब्ररी शोधावी लागते.

अजूनही ठरत नसेल तर मी म्हणेन, पी५पासून सुरुवात करा. कोड साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतं, दुसऱ्याचं वाचता येतं, स्वतःचं जुनं पुन्हा उघडून समजून घेता येतं. खोलीतलं काम आधीच ठरलेलं असेल आणि तारीख जवळ असेल, तर मात्र सरळ टचडिझायनरच घ्या. पुढे दोन्ही जोडताही येतात: फोनवरच्या पी५मध्ये माणसानं अक्षर लिहायचं आणि ते वेबसॉकेटवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या सतत उघड्या जोडणीतून, टचडिझायनरनं चालवलेल्या भिंतीवर उतरायचं.

दोन संध्याकाळी मोकळ्या काढा. पहिल्या दिवशी पी५मध्ये एकच जोडाक्षर वरून पाडा आणि तळहातावर थांबवा. दुसऱ्या दिवशी टचडिझायनरमध्ये स्वतःची सावली मिळवा. मग खोलीतला दिवा बंद करून दोन्ही पुन्हा चालवून बघा.