ट्यूब बेंडरची डाय बनवून घेतली, हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून

घरच्या वर्कशॉपसाठी ट्यूब वाकवायचा बेंडर बनवून राहिलो, फ्रेम अन् हँडल तर घरीच वेल्डिंग मारून झालं पण डाय, म्हणजे ज्या खाचवाल्या चाकावर ट्यूब वाकते ते, काही ग्राइंडरवर होत नाही राजा, तिला लेथच लागते. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये दिली. काम एक नंबर! भाऊने ड्रॉइंग नंतर पाहिलं, आधी ट्यूबचा तुकडा मागून व्हर्नियर लावून जाडी मोजली, कारण एक इंची ट्यूब बाहेरून 25.4 मिमी भरते अन् एक इंची पाइप बाहेरून 33 च्या वर जाते, हे भल्याभल्या हार्डवेअरवाल्यांना सांगावं लागते. खाच बरोबर अर्ध्या गोलाइतकी खोल, पॉलिश अशी की ट्यूब बसवल्यावर नखही आत शिरत नाही. बेंडचा रेडियस ट्यूबच्या व्यासाच्या तिप्पट ठेवा, म्हणजे सेंटरलाइनला (ट्यूबच्या मधल्या रेषेला) 76 मिमी, असं त्यानंच सुचवलं, कमी ठेवला तर पातळ ट्यूब आतून चेपते. बाजारातला जॅकवाला बेंडर जाड पाइपला ठीक आहे, 16 गेजच्या पातळ ट्यूबला मात्र पार चपटं करून टाकते.

वेळेचं काही खरं नाही, "उद्या या" ऐकायची तयारी ठेवा अन् मटेरियलचे पैसे वेगळे लावते, आधीच विचारून घ्या. आता 90 चा बेंड मस्त येते, फक्त दोनचार डिग्री जास्त ओढा कारण ट्यूब परत उसळते, अन् ईआरडब्ल्यू ट्यूबची (पत्रा वळवून वेल्ड केलेली) शिवण बाजूला ठेवा, बेंडच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला नको.