बीर-हाकेमची 'पॅसिफिक बटालियन' वॉकिंग टूर : साडेतीन स्टार

आयफेल टॉवर बघायला जाताना मेट्रोच्या 6 नंबर लाईनवर आपण सगळेच बीर-हाकेमला उतरतो, फोटो काढतो आणि पुढे पळतो. मी इथं चार वर्षं राहतोय पण पॅरिसमध्ये हे अरबी नाव कुठून आलं असा प्रश्न कधी पडला नव्हता. यंदा आई-बाबा आले, बाबांना दुसऱ्या महायुद्धाचं प्रचंड वेड, म्हणून ही टूर बुक केली. नाव लिहीत नाही, एकटा माणूस चालवतो, आणि खाली तक्रारी आहेत, उगाच त्याच्या पोटावर पाय नको.

सुरुवात पुलावरच्या पाटीपाशी. पाटीवर बीर-हाकेमला लढलेल्या फ्रेंच ब्रिगेडचा उल्लेख आहे, गाइड म्हणाला मी तुम्हाला त्यातल्या एकाच, पॅसिफिक बटालियनची गोष्ट सांगणार, आणि मग गडी जो सुटला! 1940 ला जर्मनीपुढे फ्रान्स पडला आणि पार जगाच्या दुसऱ्या टोकाला ताहिती आणि न्यू कॅलेडोनिया या बेटांनी सप्टेंबरमध्येच लढाई चालू ठेवणाऱ्या जनरल द गॉलची बाजू घेतली. तिथली पोरं, गोरे सेटलर, ताहितीवाले, कनक (न्यू कॅलेडोनियाचे मूळ रहिवासी, ज्यांना तेव्हा मताचा हक्क पण नव्हता, लढायला मात्र चालत होते), सगळे फेलिक्स ब्रोश या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखाली जमले. 5 मे 1941 ला न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआहून 'झीलँडिया' बोटीनं सहाशेच्या आसपास माणसं निघाली, मग सिडनी, सुएझ, पॅलेस्टाईन, सीरिया करत करत शेवटी लिबियाच्या वाळवंटातलं बीर-हाकेम, ज्यावरून हे नाव आलं. आयुष्यभर समुद्र बघितलेली माणसं हो ही.

बीर म्हणजे विहीर, आणि ती विहीर कोरडी! इथं गाइडनं पिशवीतनं दोन लिटरची बाटली काढून आईच्या हातात दिली, म्हणाला हे एका माणसाचं दिवसाचं पाणी, पिणं, दाढी, सगळं यातच, आणि शेवटी शेवटी तेही नाही. आईनं बाटली हलवून बघितली आणि म्हणाली, अगं बाई, एवढ्यात तर माझा सकाळचा चहा आणि कुकर होतो. टूरचा सगळ्यात भारी क्षण हाच. फ्रेंच जनरल केनिगच्या साधारण 3,700 माणसांनी जर्मन सेनानी रोमेलला दोन आठवडे अडवलं, 9 जून 1942 ला तोफगोळ्यात ब्रोश गेला, 10 च्या रात्री उरलेले वेढा फोडून बाहेर पडले. त्याच उन्हाळ्यात बटालियन पहिल्या मरीन बटालियनमध्ये मिसळली. म्हणजे स्वतंत्र अशी दोन वर्षं पण धड नाही.

आता तक्रारी. मेट्रो डोक्यावरून गेली की हेडसेटमध्ये नुसती खरखर. आँवालिदमधल्या लष्करी म्युझियमचं तिकीट वेगळं, हे बुकिंग करताना कुठंच लिहिलेलं नाही, आणि आत जेमतेम पंचवीस मिनिटं. ही पोरं 1946 ला 'साजितेर' बोटीनं घरी पोचली, पाच वर्षांनी, हे त्यानं सिग्नल लाल असताना उरकलं!

आणि मुख्य म्हणजे आपली माणसं. 27 मेला तिथंच जवळ ब्रिटिशांकडून लढणाऱ्या तिसऱ्या इंडियन मोटर ब्रिगेडची वाताहत झाली, त्यातले सहाशेच्या घरातले कैदी पाणी नाही म्हणून शत्रूनं वाळवंटात सोडून दिले आणि ते चालत चालत बीर-हाकेमला आले, म्हणजे फ्रेंचांच्या त्या दोन लिटरमध्ये आपलेही वाटेकरी झाले. यावर एक शब्द नाही. बाबांनी विचारलं तर म्हणतो, हो मसिये, खरंय, पण टूरमध्ये बसत नाही. अरे, बाटली दाखवतोस तेव्हा एक वाक्य बसतं की! बाबा परत येईपर्यंत गप्पच होते.

तरी जा, इतक्या छोट्या बटालियनवर तीन तास बोलणारा माणूस परत भेटणार नाही. पाणी मात्र घरून न्या, वाटेत कुठं थांबू देत नाही.