डायनासोर खोदायचा संच: वीट झकास, पुस्तिका मात्र शंभर वर्षं मागे

नातीच्या वाढदिवसाला हा संच ऑनलाइन मागवला. साडेसहाशे रुपये, राजापुरात घरपोच. प्लास्टरची वीट, तिच्या पोटात टी. रेक्स या मांसाहारी डायनासोरच्या सांगाड्याचे सुटे भाग, छिन्नी, लाकडी हातोडी, ब्रश, चष्मा आणि एक रंगीत पुस्तिका. माझी हयात जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत गेली, त्यामुळे दगड आणि हत्यारांबद्दल अधिकाराने लिहितो.

वीट झकास जमली आहे. छिन्नी उभी धरून ठोकली की मोठा टवका उडतो आणि हाड दुखावतं. तिरपी धरली की अलगद पापुद्रा सुटतो. हा फरक पोरीला कोणी न सांगता पडवीत बसल्या बसल्या कळला. मानेच्या मणक्यांपाशी मात्र भुकटी फटीत गच्च बसते. तिथे ब्रश ओला करू नका, लगदा होऊन फट बुजते. खराट्याचा हीर घ्या, त्याने सुरेख निघते. हातोडीचा दांडा सैल होता, पाचर मारून घ्यावी लागली.

खऱ्या उत्खननात प्लास्टरचं काम नेमकं उलटं असतं. हाड उघडं पडलं की प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या त्यावर चढवतात आणि भोवतीच्या दगडासकट उचलून नेतात. एवढी साधी, मुलांना आवडेल अशी गोष्ट पुस्तिकेत नाही.

पुस्तिकेबद्दलच माझी खरी तक्रार आहे. जीवाश्म शोधणाऱ्या बार्नम ब्राउनला १९०२ साली अमेरिकेत मोंटानामध्ये टी. रेक्सचा सांगाडा सापडला, १९०५ साली ऑस्बॉर्न या शास्त्रज्ञाने त्याचं नाव ठेवलं, इथवर ठीक. पण चित्रात प्राणी ताठ उभा, शेपूट जमिनीवर टेकलेली. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात १९१५ साली तो तसाच उभा केला होता खरा, पण तिथेच १९९० च्या दशकात तो बदलून पाठ आडवी आणि शेपूट हवेत केली. पुढच्या पानावर ओव्हिरॅप्टर हा दुसरा डायनासोर म्हणजे ‘अंडीचोर’. १९२३ साली गोबीच्या वाळवंटात तो अंड्यांजवळ सापडला म्हणून त्याच्यावर हा आळ आला. १९९३ साली गोबीतच तसल्याच अंड्यात त्याच्या कुळातलं पिल्लू सापडलं. म्हणजे बिचारा स्वतःच्याच अंड्यांपाशी होता! हा आळ आजच्या मुलांच्या हातात पुन्हा देणं मला अजिबात पटत नाही.

आणि सगळ्यात सलणारी गोष्ट: भारतात विकायच्या पुस्तिकेत भारताचं नावच नाही. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर मॅटली या भूवैज्ञानिकाने १९१७ पासून हाडं खोदून काढली. जर्मनीच्या ह्यूने या जीवाश्मतज्ज्ञाबरोबर त्याने केलेलं त्या हाडांचं वर्णन १९३३ साली छापून आलं, त्यातच इंडोसुकस हा आपल्याकडचा मांसाहारी डायनासोर जगाला कळला. चिमुकल्या नखांएवढ्या अक्षरांत का होईना, अर्धं पान द्यायचं होतं.

नातीने विचारलंच, “आजोबा, आपल्या खाणीत का नाही हाडं?” मी सांगितलं, आपल्या खाणीतला जांभा बनला लाव्हाच्या काळ्या कातळाची झीज होऊन, आणि तापलेल्या लाव्हात हाड कुठलं टिकायला. पण दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळ्यात गाळ साचला, तिथे जीव सापडतात. वरळीला तसल्या थरात बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि १९३० साली त्यांना इंडोबॅट्रॅकस हे नाव मिळालं. म्हणजे कोकणपट्टीचाही वाटा आहे यात. पोरगी त्या दिवसापासून बेडकाच्या मागे लागली आहे.

विटेला पाच, हत्यारांना चार, पुस्तिकेला एक. आठ वर्षांवरच्या मुलांना जरूर घ्या, पुस्तिका बाजूला ठेवून गोष्ट तुम्ही सांगा. पावसाळ्यात मागवलात तर वीट पिशवीत घट्ट बांधून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत प्लास्टर ओल धरतं, मग छिन्नी नुसती रुतते.