श्रेणी की केवळ मान्यता?

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या (राष्ट्रीय मूल्यांकन व मान्यता परिषद) जुन्या पद्धतीत महाविद्यालयाला सात निकषांवर ४ पैकी सरासरी गुणांक मिळे आणि त्यावरून ए प्लस प्लस ते सी अशी श्रेणी ठरे. या मूल्यांकनात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या राधाकृष्णन समितीच्या शिफारशींनुसार २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पद्धतीत श्रेणी गाळून मान्यता आहे की नाही, एवढेच सांगितले जाते. सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांतील लहान महाविद्यालयांसाठी मला दुसरी पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण श्रेणीच्या चढाओढीत प्राध्यापकांचे महिनेच्या महिने वर्गाऐवजी अहवाल लिहिण्यात जातात आणि रिक्त पदे मात्र तशीच राहतात. तथापि, प्रवेशासाठी सांगलीला येणाऱ्या विद्यार्थ्याला दोन मान्यताप्राप्त महाविद्यालयांतला फरक नुसत्या मान्यतेवरून कळणार नाही; त्यासाठी समितीने सुचवलेले १ ते ५ हे गुणवत्तास्तरही सोबतच लागू व्हायला हवेत.