प्लाझ्मिड किट: इलेक्ट्रॉनच्या माऱ्यासाठी घेणार असाल तर

आम्ही डीएनएवर कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडून धागे किती तुटतात ते पाहतो. त्यासाठी प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूंमधलं छोटं गोल डीएनए, लागतं. ते वेगळं करायला घेतलेलं हे स्पिन-कॉलमचं (डीएनए धरून ठेवणाऱ्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या नळीचं) किट मी मनापासून सुचवेन. जेलवर (विजेच्या दाबाने डीएनए ज्यातून धावतं तो जेलीसारखा थर) जवळजवळ सगळं प्लाझ्मिड पीळदार रूपात, सर्वांत पुढे धावलेला एकच ठळक पट्टा! एक धागा तुटला की पीळ सुटतो आणि पट्टा मागे राहतो. समोरासमोर दोन्ही तुटले की मधे तिसरा उमटतो. मागचा पट्टा सुरुवातीलाच असेल, तर इलेक्ट्रॉननी काय केलं हे कळणार कसं? कॅनडातल्या शेरब्रुकच्या लेऑन सांश यांच्या गटाने 2000 साली अवघ्या 3 ते 20 इलेक्ट्रॉन-व्होल्टलाही दोन्ही धागे तुटतात हे दाखवलं, तेही कोरड्या प्लाझ्मिडवरच.

तक्रार एकच, सोबतच्या बफरची, म्हणजे डीएनए शेवटी ज्यात उतरवून घ्यायचं त्या द्रावणाची. त्यात ट्रिस आणि ईडीटीए ही रसायनं आहेत. नमुना वाळला की ती डीएनएभोवतीच राहतात आणि इलेक्ट्रॉनचा बराचसा मार स्वतःवर घेतात. डीएनएमधल्या फॉस्फेटचा ऋण प्रभार सांभाळायला थोडे धन आयन लागतात, पण एवढं सगळं नको. शेवटच्या टप्प्याला बफरऐवजी शुद्ध पाणी वापरा, त्याचा पीएच आधी तपासा. किंमत जरा जास्त वाटते, तरी पुढची ऑर्डर याचीच दिली आहे.