दमट हवा, घामेजलेला हात आणि बॅडमिंटनची ग्रिप: काही महिन्यांच्या वापरानंतर

उन्हाळ्यापासून ऑक्टोबर हीटपर्यंत एकाच रॅकेटच्या मुठीवर वेगवेगळ्या ग्रिप, म्हणजे गुंडाळायच्या पट्ट्या, आलटूनपालटून वापरल्या. रॅकेट ४यू, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅमच्या गटातली, मुठीचं माप जी५. खेळतो ठाण्यात, एसी नसलेल्या हॉलमध्ये. वाऱ्याने शटल भरकटतं म्हणून खेळ चालू असताना पंखेही बंद. त्यामुळे हा अनुभव किनारपट्टीवरच्या, तळहाताला घाम येणाऱ्या खेळाडूंना जास्त उपयोगी पडेल. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात खेळणाऱ्यांचं गणित वेगळं.

दुकानात गेलं की रंग कुठला आणि चिकट हवी की मऊ, एवढंच विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न जाडीचा असायला हवा. यॉनेक्स या रॅकेट कंपनीच्या मापात आकडा वाढतो तशी मूठ बारीक होते. जी४ पेक्षा जी५ बारीक. बारीक मूठ ग्रिप चढवून हवी तेवढी जाड करता येते, मुळात जाड असलेली बारीक करता येत नाही. मनात शंका असेल तर जी५ घ्या.

जाडीवर एवढा जोर का? मुठीला आठ पैलू असतात आणि खेळताना बोटं त्या कडांवरूनच दिशा ओळखतात. बॅकहँडला अंगठा मागच्या रुंद पैलूवर टेकवायचा, लगेच पुढचं शटल फोरहँडला आलं की मूठ बोटांत फिरवायची. हे बघून करायला वेळ कुठे असतो? कंपनीची मऊ ग्रिप तशीच ठेवून वर ओव्हरग्रिप, म्हणजे वरून चढवायची पातळ पट्टी, गुंडाळली की कडा बोथट होतात आणि मूठ लाटण्यासारखी गोल लागते. नेटजवळच्या खेळात तर हे फारच जाणवतं. शिवाय मूठ सैल धरून फटक्याच्या क्षणी बोटांनी आवळायची असते. जाड मुठीवर बोटांना आवळायला जागाच उरत नाही, मग सगळा जोर मनगटावर आणि खांद्यावर येतो.

म्हणून कंपनीची ग्रिप सोलून काढली आणि थेट लाकडावर दोन पातळ ओव्हरग्रिप, एकावर एक, गुंडाळल्या. एकच ठेवली तर स्मॅशचा हादरा तळव्याला लागतो; दोन झाल्या की तो कमी होतो आणि कडाही हाताला लागतात. मुठीकडचं वजन घटल्यामुळे रॅकेटचं डोकं किंचित जड वाटतं. मला ते आवडलं, पण ड्राइव्हचा, म्हणजे नेटलगतच्या सपाट फटक्यांचा, वेगवान डबल्स खेळणाऱ्यांना कदाचित आवडणार नाही.

ओव्हरग्रिपमध्ये यॉनेक्सची सुपर ग्रॅप सगळ्यात जास्त वापरली. जाडी ०.६ मिलिमीटर, ताणून गुंडाळली की आणखी पातळ बसते. वरचं प्लॅस्टिक सोलायचं, निमुळतं टोक मुठीच्या बुडाशी धरायचं आणि कडेवर कड जेमतेम चढेल इतपत ताण देत वर न्यायची. ती बाद कधी होते हे दिसतं: अंगठा टेकतो तिथे पृष्ठभाग आधी चकचकीत होतो. फाटण्याची वाट बघू नका. घसरणारी मूठ आपण नकळत सतत आवळून धरतो आणि दोन गेममध्ये कोपराखालचा हात भरून येतो. पावसाळ्यात तर ही ग्रिप फारच लवकर बाद होते.

एका स्वस्त पाकिटातल्या ग्रिपचा निळा रंग घामाबरोबर तळव्यावर उतरला आणि थोड्याच खेळात तिचा वरचा थर भुग्यासारखा सुटायला लागला. ग्रिपवर पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

टॉवेल ग्रिप, म्हणजे टॉवेलसारख्या कापडाची पट्टी, एप्रिल-मेमध्ये अप्रतिम चालली. घाम पितेच, वर ग्रिप पावडर शिंपडली की मूठ हातात रुतून बसते. चिकट ग्रिपवर न मिळणारा विश्वास तिच्यावर मिळतो, हे मोकळेपणाने सांगतो. पण जुलैत ती वाळतच नाही. रात्री खेळून आलो की सकाळीही ओलसर, किटमध्ये कुबट वास, आणि धागे दबून कडक झाले की पकड जाते. ती गोंदाने चिकटवायची असल्यामुळे काढताना लाकडावर डिंकाचा थर राहतो. तो खरवडून साफ केल्याशिवाय नवीन ग्रिप नीट बसत नाही.

सध्या माझं ठरलंय: उन्हाळ्यात टॉवेल, पावसाळ्यात आणि ऑक्टोबरमध्ये दोन ओव्हरग्रिप, त्यातली फक्त वरची बदलायची. लहान हाताच्या मुलांना लाकडावर एकच पुरे. ग्रुपमध्ये मिळून ३० ग्रिपचा रोल घ्या, सुट्या पाकिटांपेक्षा स्वस्त पडतो आणि जुनी ग्रिप ओढूनताणून वापरली जात नाही. वरच्या टोकाची पट्टी सुटली तर साधी इलेक्ट्रिकची टेप चालते.